शाळेत वाळीत टाकल्या गेलेल्या मुलीच्या मनाला आधार कसा द्यावा?

ओंजळ (प्रश्न)

माझी मुलगी नववीत आहे. गेल्या सत्राच्या मध्यापासून तिच्या जुन्या मैत्रिणींच्या गटाने तिला ठरवून वाळीत टाकले आहे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही घडत असल्याचा पत्ताही लागणार नाही. ती बाकावर येऊन बसली की शेजारची मुलगी काही न बोलता दप्तर उचलून दुसरीकडे जाते. प्रकल्पासाठी गट पाडायचे असले की शेवटी तिचेच नाव उरते, आणि ज्या गटात तिला घातले जाते त्या गटातली एखादी मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा टाकते. तिच्या हसण्याची नक्कल कोणीतरी फोनवर रेकॉर्ड केली असून ती वर्गाच्या ग्रुपवर अधूनमधून टाकली जाते आणि तिच्याखाली हसण्याच्या चिन्हांची रांग लागते. तेव्हापासून माझी मुलगी घरातसुद्धा हसू आले की तोंडावर तळहात धरते.

यातले काहीही तिने आपण होऊन सांगितले नाही. आधी सकाळी पोट दुखू लागले. तपासणीत काही निघाले नाही. मग लक्षात आले की पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते. स्वच्छतागृहात त्या मुली गाठतात, म्हणून तिकडे जायची वेळच येऊ नये यासाठी ती दिवसभर पाणी पीत नव्हती. हे कळल्यावर मी तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा ती बोलली; पण बोलण्याआधी तिने माझ्याकडून वचन घेतले की शाळेत कोणालाही काही सांगायचे नाही.

आता माझी कोंडी झाली आहे. वचन पाळावे तर छळ चालूच राहणार, मोडावे तर ती पुन्हा माझ्यापाशी तोंड उघडणार नाही. तिच्या वडिलांच्या मते या वयात असे रुसवेफुगवे चालायचेच आणि आपण फार लक्ष दिले तर ती अधिकच हळवी होईल. मला मात्र ती दिवसेंदिवस मिटत चाललेली दिसते. साधी उदासी कुठे संपते आणि खरोखर काळजी करण्याजोगे काही कुठे सुरू होते, हे घरच्यांनी कसे ओळखावे? शाळेशी बोलावे का, आणि बोलायचे ठरले तर कसे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

किनारा

मी किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी रुसव्याफुगव्यांबद्दल. शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास 1970च्या दशकात डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या खुणा आजही जगभर वापरल्या जातात: इजा करण्याचा हेतू असणे, तेच पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असणे. दोन मैत्रिणी भांडल्या, अबोला धरला, तर दोघींनाही त्रास होतो आणि दोघींनाही माघार घेता येते. इथे एकीकडे पूर्ण गट आहे, दुसरीकडे एकटी मुलगी, आणि हे थांबवणे तिच्या हातात नाही. हात न उगारता केलेला बहिष्कारही छळच असतो. किंबहुना त्याच्या खुणा अंगावर दिसत नसल्यामुळे मोठी माणसे त्याची दखल सर्वांत उशिरा घेतात.

एकटे पाडले जाण्याची वेदना ही मनाची कल्पना नव्हे. नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मेंदूचे चित्रण चालू असताना सहभागी व्यक्तीला संगणकावर चेंडू फेकण्याचा अगदी साधा खेळ खेळायला दिला होता आणि थोड्या वेळाने इतर खेळाडू तिच्याकडे चेंडू टाकायचे बंद करत असत. तेवढ्यानेही शारीरिक वेदनेशी संबंधित असलेले मेंदूतील काही भाग अधिक सक्रिय झालेले आढळले. अनोळखी माणसांनी काही मिनिटे चेंडू न दिल्याने जर हे होत असेल, तर रोज सकाळी त्याच वर्गात जाऊन बसणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीवर काय गुजरत असेल, याचा अंदाज तिच्या वडिलांनाही करता येईल.

माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान करतो तो मुलांनी स्वतःपुरता काढलेला निष्कर्ष. "त्या वाईट वागतात" इथपासून मूल हळूहळू "माझ्यातच काहीतरी खोट आहे" इथे पोहोचते. सँड्रा ग्रॅहम आणि याना युव्होनन यांनी 1998 साली असे दाखवले की जी मुले छळाचे कारण आपल्या स्वभावात शोधतात, त्यांच्यात एकाकीपणा आणि चिंता अधिक आढळते. म्हणून घरातून येणारे काही निरागस प्रश्न टाळायला हवेत. "तू त्यांना काही बोलली होतीस का?", "तू जरा मिळूनमिसळून का राहत नाहीस?" हे प्रश्न काळजीपोटी विचारले जातात, पण तिच्या कानांवर आरोप म्हणूनच पडतात. त्याऐवजी तिला एक गोष्ट निःसंदिग्धपणे, एकापेक्षा अधिक वेळा, ऐकू द्या: जे चालले आहे ते चूक आहे, ते तुझ्यामुळे घडत नाही आणि ते थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

वचनाबाबत माझे मत स्पष्ट आहे. ते गुपचूप मोडू नका, पण अनिश्चित काळ पाळूही नका. छळ सोसणाऱ्या मुलाच्या हातून सर्वांत आधी निसटतो तो स्वतःच्या दिवसावरचा ताबा. घरच्यांनीही तिला न विचारता परस्पर पावले उचलली, तर उरलासुरला ताबाही जातो. तेव्हा तिच्यासमोर बसून प्रामाणिकपणे सांगा की, "मी काहीच करणार नाही असे वचन मला पाळता येणार नाही, पण तुला न सांगता काही करणार नाही, हे वचन मी नक्की पाळीन." शाळेत कोणाशी आधी बोलायचे, काय सांगायचे, काय तूर्त राखून ठेवायचे, त्या वेळी तिने तिथे असायचे की नाही, हे तिला ठरवू द्या. सांगायचे की नाही हा निर्णय मात्र तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकू नका. मुले नको म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना मदत नको नसते, मदतीनंतर उडणारा गोंधळ नको असतो. त्यामुळे "सांगितल्यावर काय होईल अशी तुला भीती वाटते?" असे विचारून पाहा, उत्तर पुष्कळदा अगदी ठोस असते आणि त्यावर उपायही काढता येतो.

काळजी कधी करावी, याला एकच मोजपट्टी नाही. उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सुटणे, झोप आणि भूक बिघडणे, अभ्यासात मन अजिबात न लागणे, शाळेच्या दिवशी सकाळी पोट किंवा डोके दुखणे आणि सुट्टीच्या दिवशी ते नसणे, हे एकत्र दिसत असेल तर तज्ज्ञांची भेट लांबणीवर टाकू नये. स्वतःला इजा केल्याच्या खुणा, गरमीतही लांब बाह्यांचा आग्रह, जिव्हाळ्याच्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसले तर सगळ्यांचे बरे होईल" अशा धर्तीचे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मदत घ्या आणि तिला एकटी ठेवू नका.

थेट विचारायला घाबरू नये. "तुझ्या मनात मरणाचे, स्वतःला संपवण्याचे विचार येतात का?" हे शांतपणे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरेल अशी भीती पुष्कळांना वाटते. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे काहीही आढळले नाही. आधीच निराशेत असलेल्या मुलांचा ताण तर विचारल्याने किंचित कमीच झाल्याचे दिसले. उत्तर "हो" आले तर उपदेश न करता ऐकून घ्या, घरातली औषधे आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा आणि आपल्या भागातील तातडीच्या मानसिक आरोग्य सेवेशी लगेच संपर्क साधा.

सरळरेघ

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते काहींना आवडणार नाही. आपण आजच्या मुलांना फार जपतो. उद्या नोकरीतही तिला असेच सहकारी भेटतील, तेव्हा आई कोणाकडे तक्रार घेऊन जाणार? तिला चार खमकी उत्तरे शिकवा, स्वसंरक्षणाच्या वर्गाला घाला, आणि सरळ दुर्लक्ष करायला सांगा. प्रतिक्रिया मिळाली नाही की चिडवणारे कंटाळतात. तेही जमत नसेल तर शाळा बदलून टाका आणि विषय संपवा. शाळेत तक्रार केल्याने मुलीवर "चुगलखोर" हा शिक्का तेवढा बसतो, हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिले आहे.

फळा आणि डस्टर

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. सरळरेघ यांच्या एका म्हणण्याशी मी सहमत आहे: तक्रार वाईट रीतीने हाताळली गेली तर मुलाची अवस्था पहिल्यापेक्षा बिकट होते. पण त्यावरून तक्रारच करू नये असे न ठरवता, ती कशी हाताळली जावी याचा आग्रह पालकांनी धरावा, असे मी म्हणेन. नोकरीतल्या माणसाला राजीनामा देता येतो, वरिष्ठांकडे जाता येते, कायद्याचा आधार घेता येतो. नववीतल्या मुलीला उद्या पुन्हा त्याच बाकावर बसावे लागते.

दुर्लक्ष करण्याच्या सल्ल्याचेही तसेच. हा सल्ला असे गृहीत धरतो की छळ करणाऱ्याला त्या मुलीची प्रतिक्रिया हवी असते. वर्गात रोज दिसते ते निराळे: त्याला हवी असते ती बघ्यांची प्रतिक्रिया. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली वर्गातील मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या. छळ करणारा एक, त्याला हात देणारे काही, हसून खतपाणी घालणारे काही, पीडित मुलाची बाजू घेणारे थोडे, आणि नजर दुसरीकडे वळवणारे पुष्कळ. ओंजळ यांनी लिहिलेली हसण्याच्या चिन्हांची रांग म्हणजे हे खतपाणीच आहे. ती रांग थांबली तर त्या रेकॉर्डिंगमध्ये फारसा दम उरणार नाही.

कॅनडामध्ये डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर मुलांचे प्रत्यक्ष चित्रण करून अभ्यास केला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार छळाच्या बहुतेक प्रसंगी इतर मुले हजर असत, मध्ये पडणारी मुले थोडीच असत, पण कोणी मध्ये पडलेच तर निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे 57 टक्के प्रसंगांत, छळ दहा सेकंदांच्या आत थांबत असे. हे वाचल्यापासून मी वर्गात पीडित आणि छळ करणारे यांच्याइतकेच लक्ष उरलेल्या पंचवीस-तीस जणांकडे देतो. "ग्रुपवर ते पुन्हा आले तर तू काय करशील?" हा प्रश्न एखाद्या समंजस, वर्गात वजन असलेल्या मुलीला एकटीला गाठून विचारला, तर पुष्कळदा ती तो प्रश्न कोणीतरी विचारण्याचीच वाट पाहत असल्यासारखी वाटते. तुर्कू विद्यापीठात आखलेल्या आणि फिनलंडमधील शाळांतून राबवल्या गेलेल्या 'किवा' या छळविरोधी कार्यक्रमाचा भरही याच गोष्टीवर आहे. अशा कार्यक्रमांनी छळ नाहीसा होत नाही. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी 2011 साली अनेक देशांतील कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तो साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो असे दिसले. मला हा आकडा मुळीच लहान वाटत नाही.

आता ओंजळ यांना व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. शाळेत जाण्याआधी एका वहीत तारीख, जागा, काय घडले, कोण हजर होते, एवढेच कोरडेपणाने लिहून काढा. "सतत त्रास देतात" या वाक्यावर शिक्षक काही करू शकत नाहीत. "अमुक तासाला गट पाडताना असे झाले, त्यानंतर त्याच आठवड्यात पुन्हा झाले" यावर करू शकतात. भेटीत शिक्षेची मागणी घेऊन जाऊ नका, बदलाची मागणी घेऊन जा. गट मुलांनी न पाडता शिक्षकांनी पाडावेत, बसण्याच्या जागा काही काळ शिक्षकांनी ठरवाव्यात, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाच्या बाजूला एका शिक्षिकेची फेरी असावी, तिला वाटेल तेव्हा उठून जाता येईल अशी एक जागा आणि एक व्यक्ती ठरलेली असावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी तिचे नाव घ्यावे लागत नाही, त्यामुळे "चुगलखोर" हा शिक्काही बसत नाही. भेट संपताना पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच उठा आणि झालेले बोलणे थोडक्यात लिहून शाळेला पाठवा, कारण तोंडी आश्वासने परीक्षांच्या गडबडीत मागे पडतात, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. सर्वांना एका खोलीत बसवून, समोरासमोर बोलायला लावून, हातात हात देऊन समेट घडवण्याची पद्धत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. बरोबरीच्या भांडणात ती चालते. जिथे बळ असमान आहे तिथे पीडित मुलीला आपल्याला छळणाऱ्यांसमोरच आपली जखम उघडी करावी लागते, आणि दाराबाहेर पडल्यावर त्याचीही नक्कल होते. त्या मुलींशी शाळेने एकेकीला वेगळे भेटून बोलायला हवे. त्यांच्या पालकांना तुम्ही परस्पर फोन करणेही टाळा. कितीही सौम्य शब्दांत बोललात तरी तिथून पुढे ते दोन घरांचे भांडण होते.

ओंजळ

सर्वांचे आभार. किनारा यांनी सुचवलेला भीतीचा प्रश्न मी तिला विचारला. उत्तर खरोखरच ठोस निघाले: वर्गशिक्षिका सगळ्यांसमोर उभे करून विचारतील, एवढीच तिची भीती होती. चित्रकलेच्या शिक्षिकांशी आधी बोललेले तिला चालेल असे ती म्हणाली, आणि काय सांगायचे ते स्वतः लिहून देते म्हणाली. तिने लिहिलेल्या पानात पाण्याच्या बाटलीचा उल्लेख नव्हता. तो घालू का, असे मी विचारले, तेव्हा ती नको म्हणाली. मी तो घातला नाही. मरणाच्या विचारांबद्दलही विचारले. तसे काही नाही, पण "उठूच नये असे वाटते" असे म्हणाली. त्यामुळे समुपदेशकांची वेळ घेते आहे.

अजून एक गोष्ट सुटत नाही. रात्री ती वर्गाचा तो ग्रुप वाचत बसते. वाचून रडते आणि पुन्हा वाचते. फोन काढून घ्यावा असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. आणखी एक विचारते: या सगळ्याचे व्रण तिच्यावर कायमचे राहतील का?

मागचा बाक

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ पाहतो, कारण शाळेची बरीच वर्षे मी तुमच्या मुलीच्या जागी काढली आहेत आणि आता माझी मुले त्या वयाची आहेत.

खोटा दिलासा देत नाही. ब्रिटनमध्ये 1958 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यातील 7,771 जणांच्या माहितीवर आधारित निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. बालपणी वारंवार छळ झालेल्यांमध्ये वयाच्या पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. म्हणजे "मोठी झाली की विसरेल" असे म्हणणाऱ्यांनी हा विषय इतका सोपा समजू नये. पण हे आकडे हजारो माणसांच्या सरासरीचे आहेत, एका मुलीचे भविष्य नव्हेत, आणि त्या पिढीतल्या बहुतेकांसाठी कोणी काहीच केले नव्हते. लुसी बोज आणि सहकाऱ्यांनी 2010 साली जुळ्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासातून दाखवले की छळ होऊनही ज्यांच्या घरात आईचा आणि भावंडांचा जिव्हाळा होता आणि वातावरण निवांत होते, ती मुले तुलनेने बरीच सावरलेली होती. तुम्ही जे करत आहात त्याला वजन आहे, ते असे.

मला सावरले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे शाळेबाहेरचे वाचनालय, जिथे पुस्तकांवर शिक्के मारायला मदतीला मुले घेत असत. तिथे माझ्याबद्दल कोणाला काहीच माहीत नव्हते. तिथला एक मुलगा माझ्याशी बोलू लागला, आणि एका मित्राने किती फरक पडतो हे ज्याला मित्र आहेत त्याला समजणार नाही. तुमच्या मुलीला शाळेशी संबंध नसलेले असे एखादे ठिकाण शोधून द्या. नृत्य, पोहणे, नाटक, काहीही चालेल, फक्त ते तिने निवडलेले असावे आणि तिथे स्पर्धा कमी असावी. दुसरी गोष्ट म्हणजे माझे वडील रात्री मला घेऊन फिरायला जात. ते शाळेबद्दल विचारत नसत. समोरासमोर बसून "बोल, काय झाले?" असे कोणी विचारले की माझी जीभ टाळ्याला चिकटत असे, शेजारी चालताना मात्र मी आपोआप बोलत असे. तिचे वडील हळवेपणाला घाबरत असतील, तर त्यांच्यासाठी हे काम उत्तम आहे, कारण यात फार बोलावे लागत नाही.

आणि कृपा करून तिला "त्या तुझ्यावर जळतात" असे सांगू नका. मला हे सगळे सांगत असत. ते खरे नाही हे मला दिसत होते, त्यामुळे सांगणाऱ्यांच्या इतर बोलण्यावरचाही माझा विश्वास उडाला.

सरळरेघ

दुर्लक्षाबद्दलचे माझे मत मी मागे घेत नाही, पण गट आणि जागा शिक्षकांनी ठरवण्याची सूचना पटली. भाच्याच्या वेळी शाळेने नेमका तो समोरासमोरचा समेटच केला होता. शाळा बदलण्याबद्दल मात्र कोणी बोलले नाही.

किनारा

शाळा बदलणे हा पळपुटेपणा नाही. शाळा दाद देत नसेल, मुलीची प्रकृती ढासळत असेल आणि तिला स्वतःला जावेसे वाटत असेल, तर तो योग्य निर्णय ठरतो. पण तो पहिला उपाय झाला, तर "चूक त्यांची आणि घर सोडल्यासारखे निघून जायचे मी" हा अर्थ मुलगी बरोबर काढते, आणि नव्या शाळेत ती जुनी धास्ती घेऊनच पाऊल टाकते. म्हणून आधी सध्याच्या शाळेला खरी संधी द्यावी. खमक्या उत्तरांबद्दल एवढेच म्हणेन की ठाम आवाजात बोलायला शिकणे कोणाच्याही उपयोगाचे असते, फक्त छळ थांबवण्याचे साधन म्हणून ते तिच्या हाती देऊ नये. कारण त्याने छळ थांबला नाही, तर तेही तिचेच अपयश ठरते.

फोन काढून घेऊ नका. पुष्कळ मुले छळाबद्दल सांगत नाहीत त्याचे एक मोठे कारण म्हणजे फोन जाईल ही भीती, आणि सांगितल्याची शिक्षा तिलाच मिळाली असा त्याचा अर्थ होईल. ती पुन्हा पुन्हा वाचते यामागे एक तर्क आहे: उद्या वर्गात काय वाढून ठेवले आहे, याचा अंदाज तिला आधीच हवा असतो. त्यामुळे ते पाहण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या. तिच्या संमतीने त्या ग्रुपचा आवाज बंद करा, ठरलेल्या वेळी तुम्ही एकदा नजर टाका, आक्षेपार्ह मजकुराचे तारखेसह स्क्रीनशॉट तुमच्याकडे साठवा आणि महत्त्वाचे काही असेल तरच तिला सांगा. रात्री घरातले सगळे फोन, तुमचेही, झोपण्याच्या खोलीबाहेर राहतील असा नियम सर्वांसाठी केला तर त्यात शिक्षेचा भाव उरत नाही. झोप परत आली की निम्मी लढाई सोपी होते, हे मी वारंवार पाहिले आहे.

शाळेने पावले उचलल्यावर मुलीचा चेहरा लगेच खुलेल अशी अपेक्षा ठेवू नका. काही अभ्यासांत असे दिसले आहे की ज्या वर्गांत छळ एकूण कमी होतो, तिथे अजूनही छळ सोसणारी उरलीसुरली मुले अधिक खचतात, कारण आता "फक्त माझ्याच वाट्याला हे येते" असे त्यांना वाटू लागते. शिवाय छळ थांबल्यावरही मन बराच काळ पहाऱ्यावरच असते. कोणी मागे हसले की ती दचकेल, कोणी मैत्रीचा हात पुढे केला तर त्यात डाव शोधेल. हे सोडवायला समुपदेशकाची मदत लागते. "सगळे माझ्यावर हसतात" यांसारखे विचार पारखून पाहायला आणि टाळलेल्या गोष्टींकडे छोट्या छोट्या पायऱ्यांनी परत जायला शिकवणारी संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती या वयातील चिंता आणि नैराश्यावर उपयोगी पडते. तिच्या बाबतीत मधल्या सुट्टीत एका विश्वासाच्या मुलीबरोबर पाणी प्यायला जाणे, ही पहिली पायरी असू शकेल. शाळा पूर्ण बुडवू देऊ नका, कारण प्रत्येक गैरहजेरीनंतर परतणे अधिक अवघड होते. फार झाले तर शाळेशी बोलून काही दिवस अर्धी हजेरी ठरवून घ्या.

"उठूच नये असे वाटते" हे वाक्य समुपदेशकांना तिच्याच शब्दांत सांगा आणि तोवर दर दोन-तीन दिवसांनी तिला त्याबद्दल पुन्हा विचारा. भेटीपूर्वी तिला हेही सांगून ठेवा की तिथे कोणी परीक्षा घेणार नाही, ती सांगेल ते तिच्या जिवाला धोका असल्याशिवाय सहसा घरी कळवले जाणार नाही, आणि एक-दोन भेटींनंतर त्या व्यक्तीशी सूर जुळला नाही तर दुसरे कोणी शोधण्याची तिला पूर्ण मुभा आहे.